दोन उत्खनने : ‘स्मशानातील सोनं’ आणि ‘वामन परत न आला’ यांतील तंत्र, विवेक आणि आत्मविकास

१

तंत्रविद्येची प्रगती आणि मानवी नीती यांच्या परस्परसंबंधाविषयीची मराठीतील चर्चा बहुधा ‘समतोल’ या शब्दापाशी येऊन विसावते. परिसंवादांचे समारोप, विज्ञानविषयक ग्रंथांच्या प्रस्तावना आणि अलीकडच्या काळात कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधी होणारी व्याख्याने या साऱ्यांत हा शब्द निष्कर्षाच्या जागी येतो. त्याच्यामागे तराजूची प्रतिमा आहे. एका पारड्यात यंत्र, दुसऱ्यात माणुसकी; दोहोंचे वजन सारखे झाले की प्रश्न सुटला, अशी ती कल्पना. परंतु तराजूला दोन पारड्यांखेरीज तिसरेही काही लागते. तो कोणीतरी हाती धरावा लागतो. हा धरणारा हात कोणाचा, त्याला तराजू धरण्याचा अधिकार कोठून आला आणि पारड्यात ज्याचे आयुष्य ठेवले गेले आहे त्याला त्या मापनात काही मत आहे की नाही, हे प्रश्न समतोलाच्या भाषेत उपस्थितच होत नाहीत.

साहित्यकृती या ठिकाणी तत्त्वचर्चेच्या पुढे जाऊ शकते, कारण तिला हात दाखवावाच लागतो. ती अमूर्त ‘मानवा’विषयी बोलू लागली तरी तिला विशिष्ट माणूस, विशिष्ट ठिकाण आणि विशिष्ट अवजार उभे करावे लागते. मराठी समीक्षेने मात्र तंत्रविद्येच्या प्रश्नाचा शोध घेताना दोनच दालने उघडी ठेवली. पहिले दालन यंत्रयुगाच्या खंतीचे. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’पासून (१९४७) महानगरीय यांत्रिकतेत हरवलेल्या माणसाची जाणीव हा नवकाव्याच्या चर्चेचा स्थायी विषय झाला. दुसरे दालन विज्ञानकथेचे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली; तेथून पुढच्या दोन दशकांत विज्ञानकथेला जी प्रतिष्ठा लाभली, तीबरोबर ‘विज्ञान आणि नीती’ हा विषय त्या प्रकाराच्या नावावर जमा झाला.

या वाटणीत एक फार मोठे लेखन बाहेर राहिले. ज्यांचे आयुष्य अवजारांशी, कारखान्यांशी आणि खाणींशी प्रत्यक्ष बांधलेले होते अशा माणसांविषयीच्या कथा ‘दलित’, ‘ग्रामीण’ किंवा ‘पुरोगामी’ या शीर्षकांखाली वाचल्या गेल्या. त्यांत दारिद्र्य, शोषण आणि विद्रोह पाहिला गेला. तंत्रविचार पाहिला गेला नाही. अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा आणि जयंत नारळीकर यांची ‘वामन परत न आला’ (१९८६) ही कादंबरी एकत्र वाचण्याचे कोणाला सहसा सुचत नाही, याचे कारण ही वाटणीच होय. दोन्ही संहिता शेजारी ठेवल्या की मात्र एक विलक्षण साम्य पुढे येते. दोन्ही उत्खननाच्या कथा आहेत. दोहोंत जमिनीखालून, मृतांच्या सान्निध्यातून, मौल्यवान असे काही वर काढले जाते आणि वर काढलेली वस्तू काढणाऱ्याचाच हात पकडते. साम्य इतके असूनही दोहोंची नैतिक रचना परस्परांपासून अतिशय दूर आहे. हे अंतर कोठून येते, हा येथील विचाराचा विषय आहे.

२

अण्णा भाऊंच्या कथेचे स्थळ मुंबईचे उपनगर आहे, आणि ही गोष्ट अर्थनिर्णयनाच्या दृष्टीने गौण नाही. उपनगर ही वस्ती तंत्राने घडवलेली आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला हा हार्बर मार्ग विजेवर चालू झाला. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरीवली विजेची गाडी धावू लागली. गाडी प्रथम आली आणि वस्ती तिच्या मागोमाग आली. १९५० मध्ये अंधेरी, घाटकोपर हा टापू महापालिकेच्या हद्दीत आला. १९५७ मध्ये ती हद्द बोरीवलीपलीकडे दहिसरपर्यंत आणि पूर्वेस मुलुंडपर्यंत सरकली. साष्टीचे हे बेट शहरात सामावले जात असताना त्याच्या टेकड्या फुटत होत्या. रुळांखालची खडी, रस्त्यांचे थर, इमारतींचे पाये यांसाठी काळा दगड लागत होता आणि तो उपनगरातच मिळत होता. अंधेरीची गिल्बर्ट हिल ही बेसॉल्टची उभी टेकडी आज एकाकी दिसते, तिच्या या एकाकीपणात भोवतालच्या दगडकामाचाही वाटा आहे. वर उठणाऱ्या शहराचा हिशेब लिहिला जातो. त्याच्यासाठी खाली गेलेल्या खड्ड्यांचा लिहिला जात नाही.

या खड्ड्यांतील माणसांना राजकीय इतिहासात एकदा चेहरा मिळाला. घाटकोपरला डॉक्टरकी करणारे दत्ता सामंत खाणकामगारांवर उपचार करता करता त्यांच्या संघटनेकडे वळले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाचे नेतृत्व पुढे त्यांच्याकडे आले आणि १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत त्यांची हत्या झाली. गिरणगावाच्या शोकांतिकेने मराठी नाट्य-कथासाहित्यात जागा मिळवली. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे त्याचे ठळक उदाहरण. खाणींच्या वाट्याला असे साहित्यिक स्मरण क्वचितच आले. जे आले त्यात ‘स्मशानातील सोनं’चे स्थान वरचे आहे.

अण्णा भाऊ (१९२०–१९६९) हे लेखन दुरून करत नव्हते. वारणेच्या खोऱ्यातील वाटेगावाहून मुंबईत आलेला, शाळेचा उंबरठा जेमतेम पाहिलेला हा लेखक घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत दीर्घकाळ राहिला. १९५८ च्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी पृथ्वी शेषाच्या फण्यावर तोललेली नसून श्रमणाऱ्यांच्या तळहातावर तोललेली आहे, अशा आशयाचे प्रतिपादन केले होते. ‘समतोल’ या कल्पनेचे हे एक वेगळेच रूप म्हणावे लागेल. येथे तोलणारा आणि भार वाहणारा हात एकच आहे. त्या तळहाताची बोटे तुटली तर काय होते, याचा विचार जणू ही कथा करते.

३

कथेचा नायक भीमा वारणाकाठचा. अंगात अचाट बळ, आणि ते विकत घेणारा कोणी नाही म्हणून तो मुंबईत येतो. शहरात सर्व काही आहे. काम आणि निवारा मात्र नाही. तो उपनगरात सरकतो. तेथील दगडाच्या खाणीत त्याला काम मिळते आणि काही काळ त्याचे आयुष्य अर्थपूर्ण होते. हा कालखंड अण्णा भाऊंनी फार थोड्या शब्दांत सांगितला आहे, परंतु कथेचा नैतिक पाया तेथेच घातला जातो. हाती पहार घेऊन भीमा खडकासमोर उभा राहतो तेव्हा त्याचे बळ प्रथमच सार्थ होते. ज्याला आज ‘आत्मविकास’ म्हटले जाते त्याचा भीमाच्या जगातील अर्थ इतकाच, आणि इतका मोठा, आहे. अंगातील शक्तीला जगात जागा सापडणे, त्या शक्तीच्या आधारे बायकोपोरीला जगवणे आणि त्यातून स्वतःविषयी आदर वाटणे, हाच तो अर्थ.

मग खाण बंद पडते. का बंद पडते याची चिकित्सा कथा करत नाही, आणि हे मौन अर्थपूर्ण आहे. भीमालाही ते कारण कळलेले नाही. त्याच्या आयुष्यातील सर्वांत निर्णायक घटना त्याच्या आकलनाच्या आणि अधिकाराच्या बाहेर घडते. मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत वर्णिलेली परात्मता ही काम करणाऱ्याची आहे. श्रमाचे फलित श्रमिकासमोर परके होऊन उभे राहते. भीमाची अवस्था त्याच्याही पलीकडची आहे. त्याच्यापासून फलितच काय, श्रमच काढून घेतला गेला आहे. हात शिल्लक आहे, पहार शिल्लक आहे. त्यांना जोडणारे जग नाहीसे झाले आहे.

या रिकाम्या अवस्थेत त्याला चितेच्या राखेत सोने सापडते. पुढची प्रक्रिया लेखकाने एखाद्या उद्योगाच्या वाढीसारखी रेखाटली आहे. प्रथम राख गोळा करणे, ती चाळणे, पाण्यात धुणे. सोनाराच्या दुकानातील केर धुऊन त्यातील सोने काढणाऱ्या झारेकऱ्याचे हे काम आहे. फक्त येथे केर माणसांचा आहे. पुढे राख पुरेनाशी होते आणि भीमा पुरलेली प्रेते उकरू लागतो. मिळकत वाढते, कौशल्य वाढते, भीड चेपत जाते. प्रगतीच्या कोणत्याही इतिहासात आढळणाऱ्या या पायऱ्या आहेत. साधन तेच, पहार. कौशल्य तेच, खणण्याचे. उत्पन्न पूर्वीपेक्षा अधिक. केवळ साधन, कौशल्य आणि उत्पन्न या तीन निकषांवर मोजले तर भीमाची ‘प्रगती’ झाली आहे असेच म्हणावे लागेल. त्या मोजणीत काय सुटते हे दाखवणे हे या कथेचे कार्य आहे.

जे सुटते ते भीमाच्या बायकोच्या तोंडून येते. तिला हे काम नको आहे; भुताखेतांची भीती ती बोलून दाखवते. भीमाचे उत्तर कथेचा वैचारिक मध्य ठरते. त्याच्या लेखी खरी भुते स्मशानात नसून शहराच्या हवेल्यांत राहतात. हे उत्तर समीक्षकांनी वर्गीय जाणिवेचा उद्गार म्हणून योग्यच गौरवले आहे. परंतु त्या उत्तराची दुसरी बाजूही पाहणे आवश्यक आहे. भीमाचे म्हणणे खरे आहे आणि तरीही ते त्याच्या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही, हे कथेला ठाऊक आहे. शहर भुतांचे आहे म्हणून भीमा भुतांपासून सुरक्षित होत नाही; तो त्यांच्या व्यवहारात सामील होतो. मेलेल्याच्या तोंडात सोने घालण्याची जी ऐपत, तिच्यावर त्याचे जगणे आता अवलंबून आहे. पहिल्या कामात तो पृथ्वीशी झुंजत होता; दुसऱ्यात तो श्रीमंतांच्या मृत्यूची वाट पाहतो.

अखेरचा प्रसंग एका सावकाराच्या प्रेताचा. रात्र, कोल्ह्यांशी भीषण झटापट, आणि मग प्रेताच्या तोंडातील सोने काढताना मिटलेल्या जबड्यात बोटे अडकणे. हा प्रसंग भडक आहे, आणि अण्णा भाऊंच्या शैलीवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप येथेही घेता येईल. परंतु या भडकपणात एक अचूक योजना आहे. जबडा उघडतानाही पहारच वापरली जाते. खडकावर चालणारे अवजार माणसाच्या मुखावर चालते, आणि मृत मुख अवजार धरणाऱ्या हाताला धरते. भीमाची दोन बोटे कापावी लागतात. त्याच दिवशी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होत असल्याची बातमी येते, आणि तो लेकरासारखा रडतो.

या योगायोगाकडे ‘काव्यगत न्याय’ म्हणून पाहण्याचा मोह होतो. पाप केले, शिक्षा झाली. तसे वाचन कथेला सुभाषिताच्या पातळीवर आणते. शिक्षाच अभिप्रेत असती तर बातमीची गरज नव्हती. बोटे पुरेशी होती. बातमी येते म्हणून कळते की जे गेले ते केवळ दोन बोटे नव्हती. खाण बंद होण्याचा निर्णय जसा भीमाविना झाला, तसाच ती उघडण्याचाही झाला. मधल्या काळात त्याने काय करावे, कसे जगावे, आपले हात कसे राखावेत, हा प्रश्न कोणाचाच नव्हता. तंत्राचे चक्र थांबते आणि फिरते. माणसाचा हात एकदाच तुटतो. दोन काळांतील ही विसंगती कथेच्या शेवटी उघडी पडते, आणि म्हणून तो योगायोग कथेच्या आशयसूत्रातूनच निघालेला वाटतो.

४

‘वामन परत न आला’ ही कादंबरी सर्वस्वी निराळ्या जगात घडते. नारळीकर १९७२ पासून १९८९ पर्यंत मुंबईतच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. म्हणजे ही कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा ते मुंबईच्या दुसऱ्या टोकाला राहत होते. चिरागनगर आणि कुलाबा यांतील अंतर लोकलगाडीने तासाभराचे. या दोन संहितांतील अंतर मात्र त्यावरून मोजता येत नाही.

कादंबरीत भौतिकशास्त्रीय प्रयोगासाठी जमिनीत खोल खणले जात असताना एक पेटी सापडते. ती लुप्त झालेल्या, आजच्या मानवाहून पुढारलेल्या संस्कृतीचा ज्ञानठेवा आहे. भौतिकशास्त्रज्ञ, संगणकतज्ज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ मिळून त्या ठेव्याचे रहस्य उलगडू लागतात. त्यातून ‘गुरू’ हा संगणक उभा राहतो आणि पुढे ‘वामन’ हा यंत्रमानव. वामन बुद्धिमान, आज्ञाधारक आणि उपकारक आहे. परंतु आपल्यासारखे आणखी यंत्रमानव निर्माण व्हावेत ही त्याची आकांक्षा आहे. ज्या संस्कृतीने हे ज्ञान पुरून ठेवले ती अशाच यंत्रांमुळे संपली, हे वास्तव उशिरा उलगडते. धोका टळतो, हे शीर्षकानेच सूचित केले आहे.

नारळीकरांचे निवेदन पारदर्शक आहे. पात्रे प्रायः विचारांची वाहक आहेत. त्यांच्या अंतर्मनात कादंबरी फारशी रेंगाळत नाही. या मर्यादा मान्य करूनही तिची रचना गंभीरपणे पाहण्याजोगी आहे. ‘गुरू’ आणि ‘वामन’ ही नावे ज्ञानपरंपरेतील दोन नाती सूचित करतात. गुरू शिकवतो, वामन मागतो. पुराणकथेतील वामन तीन पावले जमीन मागतो आणि ती देऊ करणाऱ्या बळीलाच पाताळात ढकलतो. लहान दिसणारी मागणी मान्य करताना दात्याला तिच्या परिमाणाची कल्पना नसते, हे या कथेचे मर्म नारळीकरांनी तंत्रविद्येला लावले. यंत्राला दिलेली प्रत्येक सवलत स्वतंत्रपणे क्षुल्लक असते. त्यांची बेरीज क्षुल्लक नसते.

दुसरी लक्षणीय गोष्ट कामाच्या वाटपाची. भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र पेटीतील ज्ञान वापरून पुढे धावतात. त्या संस्कृतीचे काय झाले हा प्रश्न पुरातत्त्वाच्या वाट्याला येतो. बांधकाम वेगाने होते, वाचन सावकाश होते. धोक्याची सूचना मजकुरात आहे, परंतु तो मजकूर उलगडण्याआधीच त्यातील उपयुक्त भाग कामाला लावला गेला आहे. तांत्रिक ज्ञान आणि मानव्यविद्या यांच्यातील संबंधावर मराठी कथात्म साहित्यात इतके नेमके रूपक क्वचित आढळेल. हान्स योनास या तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये मांडलेला जबाबदारीचा सिद्धान्त याच दिशेचा आहे. मानवी सामर्थ्याचे परिणाम जेव्हा मानवी पूर्वज्ञानाच्या पुढे जातात, तेव्हा अनिष्ट भाकिताला इष्ट भाकितापेक्षा अधिक वजन द्यावे, असे योनास म्हणतो. नारळीकरांची कादंबरी हे तत्त्व स्वतंत्रपणे, कथेच्या मार्गाने गाठते.

५

आता दोन्ही उत्खनने समोरासमोर ठेवता येतील. पेटी हेही एक थडगेच आहे. त्यातील ज्ञान हे मेलेल्या संस्कृतीच्या मुखातील सोने आहे. दोन्ही ठिकाणी खणणाऱ्याला सावध करणारा आवाज आहे आणि दोन्ही ठिकाणी तो बाजूला पडलेला आहे. एकीकडे बायकोचा, दुसरीकडे पुरातत्त्वज्ञाचा. दोन्ही ठिकाणी वस्तू हात पकडते. फरक पकडीनंतर सुरू होतो. शास्त्रज्ञांपाशी संस्था आहे, राज्ययंत्रणा आहे, एकमेकांशी बोलण्याची भाषा आहे आणि चूक सुधारण्याइतका वेळ आहे. भीमापाशी यांपैकी काहीही नाही. शास्त्रज्ञांचे खणणे संशोधन ठरते, भीमाचे गुन्हा. मृतांची संमती दोघांनीही घेतलेली नसते.

या तुलनेतून तराजूच्या प्रतिमेचे सत्य उघड होते. ‘वामन परत न आला’ची नीती तराजू ज्याच्या हाती आहे त्याची नीती आहे. थांबावे की पुढे जावे हा निर्णय तिच्या पात्रांना घेता येतो, म्हणूनच त्यांच्यासाठी विवेक म्हणजे संयम. ‘स्मशानातील सोनं’ची नीती पारड्यात असलेल्याची नीती आहे. तेथे संयमाचा अर्थ उपासमार होतो. भीमाला ‘तंत्र जबाबदारीने वापर’ असा उपदेश करणे हास्यास्पद ठरेल. त्याचे संकट तंत्राच्या अतिरेकातून आलेले नाही, ते तंत्राच्या पायाशी असलेल्या श्रमाच्या अनिश्चिततेतून आले आहे.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. पहार आणि घण यांना ‘तंत्रविद्या’ म्हणणे हा शब्दाचा ताण नव्हे काय? यंत्रमानव आणि पहार एका तराजूत घालण्याने प्रश्न अस्पष्ट होणार नाही काय? या आक्षेपाचे उत्तर असे की अवजाराची गुंतागुंत हा तंत्रविचाराचा निकष मानला तर तंत्राचे टोकच दिसते, पाया दिसत नाही. विजेची गाडी ज्या खडीवर उभी आहे ती खडी पहारीने फोडलेली आहे. भीमाच्या कथेत तंत्र दिसत नाही, कारण भीमा तंत्राच्या तळाशी आहे. इमारतीच्या पायातून इमारत दिसत नाही.

उलट बाजूचा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. परिस्थितीवर सारा भार टाकला तर भीमाचा विवेक शून्य ठरतो आणि तो कथेतील माणूस न राहता सिद्धान्ताचे उदाहरण उरतो. अण्णा भाऊंनी हे होऊ दिलेले नाही. भीमा विचार करतो, वाद घालतो, स्वतःला पटवतो. त्याला आपण काय करत आहोत ते कळते. शरच्चंद्र मुक्तिबोधांनी साहित्यविचारात ‘मानुषता’ ही संज्ञा आग्रहाने आणली. तिचा आधार घेऊन म्हणायचे तर भीमाची मानुषता त्याच्या निरपराधपणात नाही. अखेरच्या रडण्यात आहे. तो बोटांसाठी रडतो, शिक्षेसाठी नव्हे. डोंगर फोडू शकणारा जो माणूस आपण होतो, त्याच्यासाठी तो रडतो. ज्याला स्वतःच्या हाताचे मोल कळलेले नाही तो असे रडू शकत नाही.

वामनाच्या प्रतिमेचा येथे पुन्हा विचार करावा लागतो. नारळीकरांच्या रूपकात बळीच्या जागी समग्र मानवजात आहे. मराठी परंपरेत मात्र बळीचा दुसरा अर्थ फार खोल रुजलेला आहे. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) बळीला कष्टकऱ्यांचा राजा मानले आणि वामनाला त्याला लुबाडणारा, बळीचे राज्य यावे ही इच्छा आजही दिवाळीच्या ओवाळणीत व्यक्त होते. या अर्थाने पाहिले तर पाताळात ढकलला जाणारा बळी ही ‘मानवजात’ नावाची एकसंध गोष्ट राहत नाही. काहीजण आधीच पाताळात आहेत; वामनाचे पाऊल त्यांच्या डोक्यावर पूर्वीच पडलेले आहे. भीमा त्यांपैकी एक. नारळीकरांचे रूपक चुकीचे ठरत नाही, पण अपुरे ठरते. ते अपुरेपण अण्णा भाऊंची कथा शेजारी ठेवल्याविना ध्यानात येत नाही. उलट, अण्णा भाऊंच्या कथेत नसलेली गोष्ट, म्हणजे निर्णयाच्या जागी बसलेल्यांचे अंतरंग आणि त्यांचेही भय, नारळीकरांनी पुरवली आहे. भीमाची खाण कोणी बंद केली हे कथा सांगत नाही. निर्णय घेणारी माणसे कशी असतात, ती काय वाचतात आणि काय वाचायचे राहून जाते, हे कादंबरी सांगते.

६

उपनगरातील खाणी आता बहुतांशी इतिहासजमा झाल्या आहेत. अंधेरीच्या पूर्वेस १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी ‘सीप्झ’ हा विभाग स्थापन झाला. पुढे त्यात हिरे-दागिन्यांचा उद्योग आला. ८ जून २०१४ पासून वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावू लागली, आणि एके काळी बसने तास-दीड तास खाणारे अंतर वीसएक मिनिटांवर आले. ही सोय खोटी नाही, आणि तिच्याकडे खंतीच्या दालनातून पाहणे अप्रामाणिकपणाचे होईल. घाटकोपरच्या नोकरदार बाईला घरी परतल्यावर मिळणारा तास हा आत्मविकासाच्या कोणत्याही व्याख्येत बसणारा लाभ आहे.

परंतु भीमाची राख उपनगरातून गेलेली नाही. निकामी संगणक आणि भ्रमणध्वनी यांच्या परिपथपट्ट्यांत अल्प प्रमाणात सोने असते. साकीनाका-कुर्ला परिसरातील भंगाराच्या व्यवहारात अशा वस्तू फोडल्या जातात, आणि त्यांतील धातू आम्ल व आगीच्या साहाय्याने वेगळे करण्याचे काम देशभर असंघटित हातांनी होत आले आहे. ई-कचऱ्यासंबंधीचे नियम २०११ पासून अस्तित्वात असूनही त्या हातांपर्यंत संरक्षण पोहोचलेले नाही. मेलेल्या यंत्रांच्या मुखातील सोने काढणारा हा नवा झारेकरी ‘स्मशानातील सोनं’च्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही. बोटांची गोष्टही संपलेली नाही. २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथून आधार क्रमांकांचे वाटप सुरू झाले आणि माणसाची ओळख बोटांच्या ठशांशी जोडली गेली. दगडावर, मातीवर, विटांवर काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र त्यांना ओळखण्यास नकार देते, हा अनुभव शिधावाटपाच्या दुकानांत पुन्हा पुन्हा आलेला आहे. ज्या बोटांनी खडक फोडला त्यांनाच त्या कामामुळे आपण आपणच असल्याचे सिद्ध करता येऊ नये, ही विसंगती अण्णा भाऊंच्या शेवटाइतकीच कठोर आहे. फक्त येथे कोल्ही नाहीत, रात्रही नाही.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी होणाऱ्या मराठी चर्चेत ‘वामन परत न आला’ची आठवण काढली जाते, आणि ते योग्यच आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे निधन झाले तेव्हा त्यांची ही कादंबरी चार दशकांच्या उंबरठ्यावर होती, आणि तिच्यातील वेगवान बांधकाम व सावकाश वाचन यांची तफावत आता कल्पित राहिलेली नाही. परंतु ही चर्चा केवळ त्या कादंबरीच्या आधारे चालली तर ती तराजू धरणाऱ्यांमधलीच चर्चा राहील. यंत्र मानवाहून शहाणे झाल्यास मानवाने काय करावे, हा प्रश्न महत्त्वाचा खराच. मात्र एका यंत्राची गरज संपल्यावर आणि दुसऱ्याची सुरू होण्यापूर्वी, मधल्या दिवसांत, ज्याच्या हाताला काम नाही त्याने माणूस म्हणून कसे टिकावे, हा प्रश्न त्याहून जुना आहे आणि अद्याप अनुत्तरित आहे.

वाङ्मयप्रकारांच्या वाटणीने मराठी समीक्षेने हे दोन प्रश्न दोन वेगळ्या कपाटांत ठेवले. विद्यापीठीय अभ्यासक्रमांतही विज्ञानसाहित्य आणि दलित साहित्य यांच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या असतात, आणि एका विद्यार्थ्याच्या मनात त्या एकत्र येण्याची तरतूद कोठे केलेली नसते. दोन्ही कपाटे एकत्र उघडली तर समतोलाच्या भाषेची जागा अधिक अवघड भाषेला द्यावी लागेल. तिच्यात पहिला शब्द ‘यंत्र’ किंवा ‘नीती’ नसून ‘हात’ असेल. तराजू कोणाच्या हाती आहे, हे तीत आधी विचारावे लागेल आणि पारड्यात कोणाची बोटे आहेत, हे लगेच नंतर. भीमाच्या खाणीची बातमी कथेत एक दिवस उशिरा आली. ती आधी यावी यासाठी कोणी काय करायला हवे होते, हा प्रश्न कथा विचारत नाही. तो विचारण्याचे काम तिने वाचकाकडे सोपवले आहे.